पाणी मुळात होते कसे?

विहिरीच्या कठड्यावर तांबड्या रंगात लिहिले होते, 'हे पाणी दूषित आहे. पिण्यास वापरू नये.' गाव अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातले, दिवस उन्हाळ्याचे. ज्यांच्या ओसरीवर आम्ही टेकलो होतो, त्या घरच्या बाईंनी आल्याआल्याच बजावले होते, ''त्या गुंडातलं पानी चहाचं हाय भाऊ, ते पेऊ नोका.'' गावच्या विहिरीच्या पाण्यात चहा टाकला तर दूध नासते. म्हणून चहापुरते गोडे पाणी निराळे जपून ठेवायचे, ही त्या भागातली जुनी रीत.

ओसरीवर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. सारे गाव त्यांना आबाजी म्हणत असे. माझ्याबरोबरचे भूजलशास्त्रज्ञ मित्र बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. आबाजी बराच वेळ ते पाहत राहिले आणि मग त्यांनी विचारले, ''दूषित म्हंजे कोनं तरी केलं, असंच ना? मंग कोनं केलं, ते काऊन नाई लिहलं तिथं?''

प्रश्न साधा होता. मला त्याचे उत्तर देता आले नाही. मित्रानेही लगेच दिले नाही; तो नुसता हसला आणि म्हणाला, ''आबाजी, तेच शोधायला आलो आहे.''

हा सारा प्रदेश खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी तो पसरला आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मध्ये खचलेली एक लांबट दरी. या दरीत नदीने लाखो वर्षे गाळ आणून टाकला. त्याची जाडी काही ठिकाणी शेकडो मीटर भरते. गाळ चिकणमातीचा, उतार नावापुरता, पाऊस बेताचा आणि ऊन वऱ्हाडचे! जमिनीत मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही. वरून ऊन पाणी ओढून घेते आणि क्षार मागे ठेवते. हे पाणी शेताला द्यावे तर त्यातल्या सोडियममुळे काळी जमीन चोपण होते, म्हणून विहिरीला पाणी असूनही शेत कोरडवाहूच राहते. पावसावर कापूस, तूर आणि मूग, मागून जमलाच तर हरभरा. पिण्याच्या पाण्यासाठी सातपुड्यातल्या वान धरणावरून नळयोजना आल्या, पण त्यांचे पाणी कोणत्या तालुक्याला किती, यावरून भांडणे चालूच राहिली. २०२३ च्या एप्रिलमध्ये तर बाळापूरच्या आमदारांनी इथले खारे पाणी बरोबर घेऊन अकोल्याहून नागपूरपर्यंत पायी मोर्चा काढला होता.

मग हे पाणी कोणी दूषित केले? खारेपणापुरते बोलायचे तर कोणीच नाही. त्याला जुना पुरावाही आहे. अकोल्याच्या उत्तरेस, दहीहांड्याच्या बाजूला, पूर्णेच्या काठांवर मिठासाठी खणलेल्या विहिरी होत्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज भूवैज्ञानिकांनी त्यांची नोंद करून ठेवली आहे. त्या काळी वऱ्हाडात ना रसायनांचे कारखाने होते, ना युरियाची पोती. मीठ होतेच.

माणसाचा हात लागण्यापूर्वी एखाद्या ठिकाणच्या पाण्यात एखादा पदार्थ किती होता, या आकड्याला शास्त्रज्ञ 'नैसर्गिक पार्श्वपातळी' म्हणतात. आपण सोयीसाठी 'मूळ पातळी' म्हणू. पाणी पिण्याजोगे आहे की नाही, हे ठरवायला या आकड्याची गरज नाही. त्यासाठी भारतीय मानक आहे. एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरा काही पर्याय नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यायचे. फ्लोराइड १ पर्यंत, फार तर दीड. नायट्रेट ४५ पर्यंत आणि त्यात कोणतीही सवलत नाही. हे आकडे शरीराला काय सोसते त्यावरून ठरले आहेत. शरीराला क्षार खडकातून आला की कारखान्यातून, याच्याशी कर्तव्य नसते. मात्र दोष कोणाचा, खर्च कोणी करायचा आणि मुख्य म्हणजे उपाय काय करायचा, हे विचारायला लागलो की मूळ पातळीवाचून एक पाऊलही पुढे जाता येत नाही. खडकातून आलेले फ्लोराइड थांबवायला कारखान्याला टाळे ठोकून उपयोग नाही आणि उकिरड्यातून झिरपलेल्या नायट्रेटबद्दल खडकाला बोल लावून भागत नाही.

हा आकडा शोधणे किती अवघड असते, याचा धडा विसाव्या शतकाच्या मध्यावर एका अमेरिकन शास्त्रज्ञाने जगाला दिला. क्लेअर पॅटरसन हे त्याचे नाव. पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे आहे, हे १९५६ साली शिशाच्या मोजमापावरून सांगणारा तो हाच. ती मोजमापे करताना त्याच्या हैराण होण्याचे कारण वेगळेच होते. प्रयोगशाळेत जिकडेतिकडे शिसे! हवेत, धुळीत, भांड्यांवर, माणसांच्या केसांत आणि कपड्यांवर. नमुन्यातले शिसे कोणते आणि खोलीतले कोणते, हेच कळेना. अखेर त्याने धूळविरहित खोली उभारली. मग त्याने समुद्राचे पाणी आणि ध्रुवप्रदेशातला जुना बर्फ तपासला. ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांत प्राचीन काळच्या मानाने शिशाचे प्रमाण दोनशे पटींहून अधिक वाढल्याचे त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये दाखवले. त्याआधी, १९६५ च्या एका लेखात, त्याने एक भेद मांडला होता. माणसांच्या रक्तात शिसे सर्वत्र सारखेच आढळते, म्हणून ते नैसर्गिक, असे तोवरचे तज्ज्ञ धरून चालले होते. पॅटरसनचे म्हणणे असे की, 'सर्रास आढळणारे' आणि 'नैसर्गिक' या दोन निराळ्या गोष्टी आहेत. साऱ्या गावाला खोकला असला म्हणून खोकला ही माणसाची प्रकृती ठरत नाही. पेट्रोलमधल्या शिशावर पोट असलेल्यांना हे रुचले नाही, हे सांगायला नकोच. आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडावे लागले.

पाण्याबाबतही तीच अडचण. आज निर्मळ म्हणून ज्याकडे बोट दाखवावे, असे पाणी उरले आहे कुठे? नदीचा उगम घ्यावा तर तिथे देऊळ, यात्रा आणि धर्मशाळा. माळरानावरची विहीर घ्यावी तर वरच्या शेतात खत पडलेले. म्हणून मूळ पातळी बहुधा थेट मोजता येत नाही, ती अनेक पुरावे जुळवून ठरवावी लागते. युरोपीय देशांनी २००० साली पाण्याविषयीचा आणि २००६ साली भूजलाविषयीचा जो सामाईक कायदा केला, त्यासाठी तिथल्या शास्त्रज्ञांनी एक सोपी रीत बसवली आहे. ती आपल्या बायाबापड्यांच्या तांदूळ निवडण्यासारखी आहे. आधी एकाच जातीच्या खडकातल्या विहिरींचे नमुने एकत्र करायचे. बेसॉल्टचे पाणी आणि गाळाचे पाणी एका सुपात घ्यायचे नाही. मग ज्यांवर माणसाचा हात लागल्याची खूण दिसते, ते नमुने खड्यासारखे वेचून टाकायचे. ही खूण म्हणजे बहुधा नायट्रेट. लिटरमागे १० मिलिग्रॅमहून जास्त नायट्रेट दिसले की तो नमुना बाद. उरलेले चढत्या क्रमाने मांडायचे, आणि शंभर असतील तर नव्वदाव्या क्रमांकाच्या आसपासचा आकडा ही त्या खडकाची मूळ पातळी धरायची. अगदी टोकाचा आकडा घेत नाहीत, कारण एखादा हात लागलेला नमुना चाळणीतून सुटलेला असू शकतो.

पुढचा भाग जास्त मजेचा आहे. मूळ पातळी पिण्याच्या मर्यादेच्या खाली असेल तर दोहोंच्या मधोमध धोक्याची रेघ ओढायची, म्हणजे पाणी मर्यादेला जाऊन भिडण्याआधीच घंटा वाजते. मूळ पातळीच मर्यादेहून वर असेल तर तीच धोक्याची रेघ. त्याच्यावर गेले तर कोणीतरी भर घातली असे समजायचे. इटलीत, रोमच्या उत्तरेला ज्वालामुखीच्या खडकांतून येणाऱ्या पाण्यात आर्सेनिक मुळातच जास्त आहे. तिथे असा हिशेब मांडावा लागतो. अर्थात यामुळे तिथले पाणी पिण्याजोगे होत नाही. फक्त कोणाला नोटीस धाडायची नाही, एवढे समजते.

नायट्रेटची खूण आपल्याकडे चांगलीच उपयोगी पडते. महाराष्ट्राच्या बहुतेक भागाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हारस, म्हणजे काळा बेसॉल्ट आहे. त्यात लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर, तांबे-क्रोमियमही थोडेफार, नायट्रोजन मात्र जवळजवळ नाहीच. म्हणून विहिरीच्या पाण्यात नायट्रेट भरमसाट दिसले, तर ते खडकाने दिलेले नाही. ते गोठ्यातून, उकिरड्यातून, शोषखड्ड्यातून, शौचालयाच्या खड्ड्यातून किंवा पोत्यातल्या खतातून आले आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या सुमारे एकपंचमांश नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर निघाले. महाराष्ट्रात हे प्रमाण एकतृतीयांशाहून अधिक होते. वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ ही नावे त्या यादीत ठळक आहेत. तान्ह्या मुलांना बाटलीचे दूध अशा पाण्यात कालवून दिले, तर त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि मूल निळे पडते.

आता यवतमाळचेच दुसरे टोक पाहा. पांढरकवडा, झरी-जामणी या भागात काळ्या खडकाची चादर संपत येते आणि खालचे फार जुने खडक उघडे पडतात. अशा खडकांतल्या काही खनिजांत फ्लोराइड असते. पाण्यात कॅल्शियम पुरेसे असेल तर ते फ्लोराइडला फारसे विरघळू देत नाही. ते कमी आणि सोडियम जास्त असले की फ्लोराइड मोकळे सुटते. पाणी खडकात जितके जास्त वर्षे मुरलेले, तितके ते जास्त. मुलांचे दात पिवळे-तपकिरी पडतात आणि पुढे हाडे ताठरतात, वाकतात. भारतात या विकाराची नोंद १९३७ साली, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यात झाली. पाण्यातले फ्लोराइड तुरटी आणि चुन्याने खाली बसवण्याची 'नलगोंडा' पद्धत सत्तरच्या दशकात नागपूरच्या 'नीरी' संस्थेने काढली. हे फ्लोराइड शंभर टक्के नैसर्गिक आहे.

तरीही इथे मला थोडे अडखळायला होते. उघड्या विहिरीच्या आणि पायविहिरीच्या पाण्याने नारू होतो, पटकी होते, म्हणून गावोगाव बोअर खणले गेले. ते योग्यच झाले. नारू या देशातून गेला. २००० साली तसे प्रमाणपत्रही मिळाले. पण हातपंपाने आपण जे पाणी वर काढले, ते आजोबा-पणजोबांनी कधी चाखले नव्हते. ते शेकडो-हजारो वर्षे खडकात पडून होते. त्याची मूळ पातळी नैसर्गिक, पण त्याला माणसाच्या ओठांपर्यंत आणले ते आपण. हा दोष कोणाच्या खात्यावर मांडायचा?

बंगालमध्ये हेच फार मोठ्या प्रमाणावर घडले. हिमालयातून आलेल्या गाळात आर्सेनिक लोहाच्या कणांना चिकटून होते; गाळातल्या कुजलेल्या पालापाचोळ्यामुळे प्राणवायू संपला की ते सुटून पाण्यात येते. अतिसारापासून मुले वाचावीत म्हणून तिथे लाखो कूपनलिका बसल्या. १९८३ मध्ये कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी रुग्णांच्या कातडीवरच्या डागांवरून आर्सेनिक ओळखले. तरी १९९२ मध्ये ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी बांगलादेशातल्या विहिरींचे पाणी तपासले, तेव्हा आर्सेनिक तपासलेच नाही. पुढे २००१ च्या पाहणीत सुमारे साडेतीन कोटी लोक त्या देशाच्या मर्यादेहून जास्त आर्सेनिक पीत असल्याचा अंदाज निघाला. एका बांगलादेशी गावकऱ्याने या सर्वेक्षणाविरुद्ध लंडनच्या न्यायालयात दाद मागितली. २००६ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने ती फेटाळली. जे तपासण्याचे काम तुम्ही अंगावर घेतलेच नाही, त्याबद्दल तुम्हाला जबाबदार धरता येत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. कायद्याने ते बरोबर असेल. मला मात्र अजून तो निकाल वाचताना चैन पडत नाही.

न्यायालयांचा विषय निघालाच आहे तर राजस्थानातल्या उदयपूरजवळच्या बिछडी गावाची गोष्ट सांगतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिथे 'एच-ॲसिड' हे रंगद्रव्याचे रसायन बनू लागले, त्याचा गाळ उघड्यावर पडला आणि विहिरींचे पाणी गडद तपकिरी झाले. 'नीरी'च्या तज्ज्ञांनी पाहणी केली आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने, ज्याने घाण केली त्यानेच निस्तरावी, असा निकाल दिला. तिथे मूळ पातळीचा वाद उद्भवण्याचे कारणच नव्हते. एच-ॲसिड निसर्गात सापडत नाही, मूळ पातळी शून्य! पण घाण जेव्हा क्लोराइडची असते, सल्फेटची असते, तेव्हा काय करणार? काही वर्षांपूर्वी एका औद्योगिक वसाहतीजवळच्या गावात मी एका सुनावणीला बसलो होतो. कारखान्याच्या वतीने बोलणाऱ्या गृहस्थांनी शांतपणे सांगितले, ''इथले पाणी मुळातच खारे आहे.'' गावकऱ्यांकडे त्याला उत्तर देणारा एकही जुना कागद नव्हता. मागून एक म्हातारी उठली आणि म्हणाली, ''माझ्या लग्नात त्याच विहिरीच्या पाण्यात पाचशे माणसांचं वरण शिजलंय.'' जड पाण्यात डाळ शिजत नाही, हे स्वयंपाकघरात जन्म गेलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. ती साक्ष होती. लिहून मात्र कोणी घेतली नाही.

नद्यांविषयी दोन शब्द. वाहते पाणी क्षणाक्षणाला बदलते, म्हणून एक बाटली भरून काही सिद्ध होत नाही. पावसाळ्यात गढूळ पाण्यात लोह आणि इतर धातू वाढलेले दिसतात, पण ते मातीबरोबर आलेले असतात. अशा वेळी पाण्याऐवजी तळाचा गाळ तपासतात आणि प्रत्येक धातूचे ॲल्युमिनियमशी प्रमाण काढतात. ॲल्युमिनियम मातीत भरपूर असते आणि माणसाच्या हातून त्यात सहसा फार फरक पडत नाही, म्हणून ते माप म्हणून चालते. मुठेच्या गाळातले तांबे सह्याद्रीने दिले की पुण्याने, हे असे कळते. धरणाच्या तळाशी वर्षानुवर्षे साचलेला गाळ नळीने उभा कापून काढला, तर खालच्या थरांत जुनी नदी सापडते.

तर पुन्हा दर्यापूरकडे. आमच्या मित्राने दोन जागचे पाणी घेतले होते. एक त्या तांबड्या अक्षरांच्या विहिरीचे, गावाच्या मध्यातले. दुसरी विहीर आबाजींनीच दाखवली. गावाबाहेर, वस्तीच्या वरच्या अंगाला, आसपास घर नाही की गोठा नाही. ''माह्या मायच्या येळची हाय,'' ते म्हणाले, ''तवा बी खारीच व्हती.'' प्रयोगशाळेचा कागद आला. क्षार दोन्हीकडे जवळपास सारखेच आणि दोन्हीकडे मर्यादेबाहेर. नायट्रेट मात्र गावाबाहेरच्या विहिरीत नाममात्र आणि गावातल्या विहिरीत मर्यादेच्या कितीतरी वर.

कागद घेऊन मित्र पुन्हा गेला, मी बरोबर होतो. आबाजींनी चष्मा लावून दोन्ही रकाने बोटाने चाचपून पाहिले. ''म्हंजे मीठ तं आधीपासूनचं,'' ते म्हणाले, ''अन् हे दुसरं आमच्याच गावचं.'' मग त्यांनी विहिरीपलीकडे पाहिले. तिथे तीन घरांचा मिळून एक उकिरडा होता, त्यावर कोंबड्या उकरत होत्या. तो हलवायला जागा आहे का, असे मित्राने विचारले. जागा होती, पण ती पुतण्याच्या नावावर, आणि पुतण्याशी दोन वर्षांपासून बोलणे नव्हते. सरपंचांना मध्ये घालून पावसाळ्याच्या आत काहीतरी करू, असे ठरले. निघताना बाईंनी त्याच गुंडातल्या पाण्याचा चहा दिला.